पान आडवं सरकतंय: वाचनालयाची साइट मोबाइलमध्ये बसवताना

आमच्या दुकानात कुणीही छपाईला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: साइज काय? पत्रिका असो, पावतीपुस्तक असो, नाहीतर कुणाचा पहिलावहिला कवितासंग्रह. डेमी म्हटलं की साडेपाच बाय साडेआठ इंच, ए-फोर म्हटलं की २१० बाय २९७ मिलिमीटर. साइज कळली की समास, कॉलम, अक्षराचा पॉइंट सगळं ठरतं आणि एकदा ट्रेसिंग निघालं की त्यात कानामात्रेचाही फरक होत नाही. बावीस वर्षं मी डीटीपीचं हेच काम करतेय. त्यामुळे २०२४ मध्ये वाचनालयाची वेबसाइट मोबाइलवर नीट दिसेल अशी करायचं काम अंगावर घेतलं, तेव्हा पहिले दोन महिने मी 'साइज काय?' एवढंच विचारत होते आणि मला कुणी उत्तर देत नव्हतं.

गावोगावच्या वाचनालयांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या अशा जुन्या साइट पडून आहेत आणि त्या सांभाळणारं माणूस बहुधा माझ्यासारखंच असतं, म्हणजे मूळ धंदा वेगळा आणि 'तुला कॉम्प्युटर येतो ना' म्हणून पकडलेलं. त्यांच्यासाठी हे जसं घडलं तसं लिहितेय.

साइट मीच २०१२ मध्ये केली होती. एमएस-सीआयटी झालेलं, भाच्याचं एक जाडजूड पुस्तक हाताशी, आणि पेजमेकरमध्ये पान लावायची सवय. मी अख्खं पान एका टेबलात बसवलं: डावीकडे मेन्यू, मध्ये मजकूर, उजवीकडे सूचना, वर सरकती पट्टी. रुंदी ९६० पिक्सेल. तेव्हा पुष्कळ संगणकांचे पडदे १०२४ रुंद होते, आणि ९६० ला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा सगळ्यांनी भाग जातो म्हणून कॉलम पाडायला सोपं. मला तर हायसं वाटलं होतं. वेबचीही एक साइज असते म्हणायची.

९ जून २०२४ ला, रविवारी, पुण्याहून आलेली एका सभासदाची मुलगी वाचनालयात मला म्हणाली, "काकू, बाबांना पुस्तक आहे का ते साइटवर बघायचं असतं, पण दोन बोटांनी फाकवून फाकवून वाचावं लागतं. मग ते सरळ फोन करतात." ग्रंथपाल ताई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सगळेच फोन करतात." मग मला दिवसाला किती फोन येतात ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

१६ जूनच्या कार्यकारिणीत विषय निघाला. रीतीप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. एक ३८ हजारांचं, एक ५५ हजारांचं आणि एक १२ हजारांचं, ज्यात आमची सगळी जुनी माहिती काढून टाकून तयार साच्यात पाच पानं मिळणार होती. सरकारकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानाचा हप्ता यायचा होता, पत्र्याचं काम निघालेलं होतं. मी म्हटलं, मीच करून बघते. ठराव झाला: खर्च ५ हजारांच्या आत, आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी नवी साइट दाखवायची. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे साइटचा पासवर्डसुद्धा नाही.

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आधीच्या कार्यवाहांच्या नावावर, त्यांच्या एका बंद पडलेल्या मोबाइल नंबरावर. ओटीपी तिकडे जायचा. ते स्वतः मुलाकडे परगावी गेलेले, पण सज्जन माणूस, फोनवर म्हणाले, "कुठे सही करू सांग." होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे साइट ज्यांच्या संगणकावर ठेवलेली असते त्यांनी, मागितलं ते असं: संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, ठरावाची खरी प्रत, संस्थेच्या पॅनची झेरॉक्स, जुन्या कार्यवाहांचं संमतिपत्र आणि नव्या कार्यवाहांचं ओळखपत्र. २४ जूनला सगळं स्कॅन करून पाठवलं. २ जुलैला परत आलं, कारण काय तर शिक्का वाचता येत नाही. शिक्क्याचं पॅड वाळलेलं. नवं पॅड ३५ रुपये. ४ जुलैला पुन्हा पाठवलं आणि २३ जुलैला पासवर्ड हातात आला. तुमच्या संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर आणि कुठल्या नंबरावर आहे, ते आजच बघून ठेवा. काम काढाल तेव्हा बघू म्हणालात तर महिना गेलाच.

२६ जुलैला आधी सगळी साइट घरच्या संगणकावर उतरवून घेतली, ६१ पानं आणि चारशेच्या आसपास चित्रं. त्या फोल्डरची एक प्रत करून तिला 'हात लावू नये' असं नाव दिलं. काम दुसऱ्या प्रतीवर. छपाईत आपण मूळ फाइल जपतो, तेच इथे.

२८ जुलैच्या रविवारी पहिला बदल केला. जिथे जाल तिथे सांगतात की पानाच्या हेडमध्ये, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या वरच्या भागात, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग टाका, रुंदी म्हणजे डिव्हाइसची रुंदी, सुरुवातीचं स्केल १. एकच ओळ. टाकली, मोबाइलवर उघडलं आणि आधी निदान अख्खं दिसणारं पान आता कोपऱ्याकोपऱ्यानं दिसायला लागलं. मेन्यू आणि मजकुराची पहिली दोन अक्षरं. बाकी सगळं उजवीकडे पडद्याबाहेर. पान आडवं सरकवत बसायचं. मला रडू यायचं बाकी होतं.

यामागचं कारण कळलं तेव्हा मात्र गंमत वाटली. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा वेबवरची जवळपास सगळी पानं संगणकासाठी केलेली होती. म्हणून त्यातल्या ब्राउझरनं एक युक्ती काढली. पडदा केवढाही असो, पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून ते मांडायचं आणि मग फोटो आक्रसावा तसं आक्रसून दाखवायचं. अँड्रॉइडवालेही तेच करायला लागले. माझा मोबाइल वेबच्या हिशेबात ३६० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे ९८० चं पान ३६० मध्ये: १६ पिक्सेलचं अक्षर सहाच्याही आत जातं. आमच्या भाषेत चार-साडेचार पॉइंट. औषधाच्या खोक्यावरची बारीक टीप असते ना, तसं. बारा वर्षं मी सभासदांना असलं वाचायला देत होते. व्ह्यूपोर्टची ती ओळ म्हणजे फोनला दिलेला शब्द असतो, की बाबा, तू आक्रसू नकोस, मी तुझ्या रुंदीत बसणारं पान देते. मी शब्द दिला होता, पान दिलं नव्हतं.

एक सूचना इथेच. त्या ओळीत झूम बंद करणारा तुकडा काही ठिकाणी जोडलेला सापडेल. तो उचलू नका. वाचनालयाचे निम्मे सभासद चाळिशीच्या चष्म्याच्या पुढे गेलेले असतात, त्यांची बोटं बांधून ठेवायचं पाप कशाला.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा शिकण्यात गेला. रात्री नऊ ते अकरा, एमडीएन या वेब शिकवणाऱ्या साइटवरचे धडे. फुकट आहेत, इंग्रजी सोपं आहे. तिथे कळलं की या सगळ्याला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव ईथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरनं मे २०१० मधल्या एका लेखात दिलं. तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: रुंदी टक्क्यांत ठेवा, चित्रं लवचिक ठेवा, आणि मीडिया क्वेरी वापरून पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदला. म्हणजे मी २०१२ मध्ये टेबलात पान लावत बसले होते तेव्हा हे सगळं दोन वर्षं जुनं झालेलं! असो. आपल्याकडे पोचायला वेळ लागतो.

मी टेबल मोडून काढलं. मजकूर एकाखाली एक ठेवला: नाव, मेन्यू, मजकूर, सूचना. आणि काय सांगू, एकही स्टाइल न लावलेलं ते उघडंबोडकं पान मोबाइलवर अगदी व्यवस्थित दिसत होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की वेबचं पान मुळात कुठल्याही रुंदीत वाहतंच. त्याला ९६० च्या चौकटीत कोंबलं होतं मीच. त्यामुळे कामाची दिशा उलटी झाली. आधी मोबाइलसाठीची साधी मांडणी, आणि रुंदी वाढत जाईल तसा मीडिया क्वेरीनं एकेक कॉलम वाढवायचा.

१५ ऑगस्टला झेंडावंदन करून आले आणि पहिली मीडिया क्वेरी लिहिली. ती चालेना. संध्याकाळपर्यंत नाही चालली. दुसऱ्या दिवशीही नाही. अक्षर न् अक्षर तपासलं, स्पेलिंग बरोबर, कंस बरोबर. शेवटी प्रूफ वाचतात तसं पट्टी ठेवून वाचलं. 'स्क्रीन अँड' लिहून लगेच कंस सुरू केला होता, मध्ये जागा सोडली नव्हती. 'अँड' आणि कंस चिकटले की ब्राउझरला तो वेगळाच काहीतरी प्रकार वाटतो आणि तो अख्खी क्वेरी गपचूप सोडून देतो. चूक आहे असंही सांगत नाही. एका स्पेसपायी दोन दिवस! जोडाक्षर सुटलं तर ओरडणारी मी, आणि जागा सुटली नाही ते दिसलं नाही.

ती दुरुस्त झाली तर पुढची अडचण. काही नियम लागू होत होते, काही नाही. मी मीडिया क्वेरी फाइलमध्ये वर ठेवल्या होत्या आणि साधे नियम खाली. सारख्याच वजनाचे दोन नियम आले तर नंतरचा जिंकतो, आणि मीडिया क्वेरीत बसल्यानं नियमाचं वजन काही वाढत नाही. क्वेऱ्या खाली नेल्या आणि सुरळीत झालं.

त्यानंतर महिनाभर काम बंद. गणपतीची पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, जाहिरातींचे फ्लेक्स. फ्लेक्सवरून आठवलं, सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या नियमांच्या भाषेत, फ्लेक्सबॉक्स नावाचा मांडणीचा प्रकार आहे हे मी आमच्या दुकानातल्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "त्याला रिंगा किती लावायच्या?"

अनंत चतुर्दशी झाली १७ सप्टेंबरला आणि पितृपंधरवडा लागला. या पंधरा दिवसांत आमच्याकडे शुकशुकाट असतो, कुणी पत्रिका छापत नाही, कुणी उद्घाटन करत नाही. माझ्या पथ्यावर पडलं. ४० टक्के काम याच दिवसांत झालं.

सगळ्यात किचकट निघाली ती माझीच जुनी चलाखी. २०१२ मध्ये माझा युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं दिसायची जी पद्धत आहे तिच्यावर, भरवसा नव्हता. मराठी नीट दिसेल की नाही या भीतीनं वाचनालयाचे नियम, वर्गणीचे दर, इतिहास हे सगळं श्रीलिपीत, म्हणजे आमच्या डीटीपीच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करून त्याची चित्रं करून टाकली होती. चित्रातली ओळ तुटून खाली येत नाही. अरुंद पडद्यावर चित्र लहान होतं आणि आतलं अक्षर मुंगीएवढं. कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची आपोआप, हा चित्रांसाठीचा नेहमीचा नियम पुस्तकांच्या मुखपृष्ठांना छान लागू पडतो, पण मजकुराच्या चित्राला काही उपयोगाचा नाही. मूळ श्रीलिपीच्या फाइली सापडल्या तेवढ्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या, बाकी अकरा पानं हातानं टाइप केली. कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास टाकू नका. 'वाचणाऱ्या', 'दुसऱ्या' यातला ऱ्या हमखास बिघडतो. तो शोधून शोधून दुरुस्त करावा लागला.

देवनागरीच्या आणखी दोन गोष्टी सांगते, कारण इंग्रजी धड्यांत त्या कुठेच नसतात. मथळ्यांना मी ऐटीत अक्षरांमध्ये दोन पिक्सेलचं अंतर दिलं होतं. इंग्रजीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि 'ग्रंथालय' शब्द पडक्या भिंतीसारखा दिसतो. ते काढलं. दुसरं, ओळींतलं अंतर. १.२ ठेवलं होतं. संगणकावर मथळा एका ओळीत मावायचा म्हणून कधी लक्षात आलं नाही. मोबाइलवर तोच मथळा तीन ओळींत गेला आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकले. मजकुराला १.७ आणि मथळ्यांना १.४ केल्यावर श्वास घ्यायला जागा झाली. फॉन्ट 'मुक्त' घेतला, मुंबईच्या एकटाइप या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला, मोफत आहे. त्याची सगळी वजनं, म्हणजे बारीक-जाड प्रकार, लावू नका. देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांमुळे फाइल जड होते आणि गावाकडच्या रेंजला ते जाणवतं. मी दोनच घेतली, साधं आणि ठळक.

एवढं करूनही पान थोडं आडवं सरकतच होतं. इंचभर. हा रोग शोधायची एक युक्ती मिळाली: पानावरच्या प्रत्येक घटकाला तात्पुरती लाल रेघ लावायची म्हणजे बाहेर कोण डोकावतंय ते दिसतं. लावली. पान लाल चौकटींनी भरलं आणि तळाशी एक चौकट उजवीकडे लांबलचक बाहेर गेलेली. बघितलं तर फुल्या होत्या. दोन सूचनांच्या मध्ये मी हातानं टाइप केलेल्या साठ फुल्यांची रांग. छापखान्यात मजकूर संपला की फुल्या टाकायची सवय. मध्ये कुठेही जागा नाही, म्हणून ब्राउझरला तो एकच शब्द वाटतो आणि एक शब्द तो आपणहून मध्येच तोडत नाही. साठ फुल्या काढल्या, साधी रेघ टाकली, सरकणं थांबलं. आडवं सरकणं लपवून टाकायचाही एक नियम आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यानं फुल्या नुसत्या कापल्या जातात, आणि उद्या तिथे कुणाचा लांब ईमेल पत्ता असला तर तोही अर्धा कापला जाईल.

नवीन पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी मात्र ग्रिड, म्हणजे सीएसएसमधली चौकटी पाडून मांडायची सोय, वापरलं आणि ते इतकं सहज झालं की मलाच संशय आला. एका ओळीत सांगायचं, की प्रत्येक मुखपृष्ठ किमान १४० पिक्सेल, बाकी जागा वाटून घ्या. मोबाइलवर दोन येतात, टॅबवर चार, संगणकावर सहा. मीडिया क्वेरीच नाही. २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत हे आहे.

दिवाळी अंकांच्या यादीनं घाम काढला. आमची दिवाळी अंक योजना गावात प्रसिद्ध आहे. यादीत सात रकाने: क्रमांक, अंकाचं नाव, संपादक, प्रकार, किंमत, प्रती, उपलब्ध की बाहेर. ३६० पिक्सेलमध्ये सात रकाने म्हणजे एसटीच्या बाकड्यावर सातजण. आधी टेबलाभोवती चौकट करून फक्त टेबल आडवं सरकेल असं केलं. चाललं, पण 'उपलब्ध' हा रकाना सगळ्यात उजवीकडे, आणि लोकांना हवा असतो नेमका तोच. मग मोबाइलसाठी प्रत्येक अंकाची एक चिठ्ठी केली: वर नाव, खाली बाकी माहिती ओळीओळीनं, ठळक अक्षरात उपलब्ध. रुंदी वाढली की चिठ्ठ्यांचं पुन्हा टेबल. हा बदल कुठे करायचा? इथे माझा जुना प्रश्न पुन्हा आला, साइज काय. अमुक फोन इतका, तमुक टॅब इतका अशी यादी शोधत बसले होते. ती सोडून दिली. ब्राउझरची खिडकी उंदरानं हळूहळू अरुंद करत नेली आणि टेबलातले संपादकांचे शब्द एकेक ओळीला एक असे तुटायला लागले तिथे आकडा बघितला. ७६०. तोच घेतला. फोन दरवर्षी बदलतात, आमच्या यादीतले सात रकाने बदलत नाहीत.

६ ऑक्टोबरला, रविवारी, वाचनालयात पाच सभासदांना चहाला बोलावलं, आपापला फोन घेऊन. त्याआधी मी संगणकावर क्रोममध्ये एफ-१२ दाबून मोबाइलचा देखावा बघत होते, आणि सगळं छान होतं. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी फुटल्या. आयफोनवाल्या वहिनींनी नोंदणीच्या अर्जात नाव लिहायला टिचकी मारली की पान आपोआप मोठं व्हायचं आणि परत लहान व्हायचं नाही. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की आयफोनचा ब्राउझर असं करतो. माझं १५ होतं. 'पाठवा' आणि 'पुसा' ही बटणं इतकी जवळ, की एका आजोबांनी भरलेला सगळा अर्ज पुसला. ते काही बोलले नाहीत, पुन्हा भरायला लागले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'पुसा' हे बटण मी काढूनच टाकलं. कुणाला लागतं ते? उरलेल्याची उंची ४८ पिक्सेल केली.

तिसरी गोष्ट अण्णांची, त्या पाचांतलेच एक सभासद. अण्णांच्या फोनवर साइट जशी होती तशीच, बारीक. मला वाटलं जुनी फाइल फोननं साठवून ठेवलीय. तेही होतं, म्हणून स्टाइलच्या फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा आकडा जोडला, की फोन नवी फाइल मागवतो. तरी बारीकच. केबल लावून बघितलं: फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं, मग फोनमधलं पान संगणकावरून तपासता येतं. रुंदी ९८० दाखवत होता. तासाभरानं ग्रंथपाल ताईंनी अण्णांच्या क्रोमचे तीन टिंब दाबले आणि म्हणाल्या, "इथे डेस्कटॉप साइटवर टिक आहे, ती काय असते?" अण्णा शांतपणे म्हणाले, "मागे नातवानं लावून दिली. तुमची जुनी साइट नाहीतर मला दिसायचीच नाही." टिक काढली. अण्णांनी चष्मा वर केला, अंकांची यादी खालपर्यंत नेली आणि म्हणाले, "हां. आता वाचता येतंय." चहा गार झाला होता.

१५ ऑक्टोबरला सकाळी साइट चढवली. दुपारी कार्यक्रम, अध्यक्षांनी मोबाइलवरून एक पुस्तक शोधून दाखवलं, टाळ्या झाल्या. त्याच दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि पत्रकांच्या चौकशीसाठी माझा फोन वाजायला लागला, तो वीस नोव्हेंबरपर्यंत थांबला नाही.

खर्चाचा हिशेब: होस्टिंगचं नूतनीकरण ३२०० रुपये, डोमेन ११००, अर्ज-झेरॉक्स-शिक्क्याचं पॅड मिळून २४०, केबल १५०. एकूण ४६९०. केबलची पावती नव्हती म्हणून खजिनदारांनी ते १५० धरले नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. केबल आता माझी.

२३ ऑक्टोबरला ग्रंथपाल ताईंचा फोन. दरवर्षी त्या दिवाळी अंकांची यादी साइटवरून छापून दाराशी फळ्यावर लावतात. दोन पानं होतात. "या वेळी अकरा पानं निघाली गं, आणि टेबलच नाही. चिठ्ठ्या चिठ्ठ्याच आल्यात." मी दुकान सोडून गेले. प्रिंटरच्या ट्रेमध्ये अकरा कागद, प्रत्येकावर मोबाइलची मांडणी मोठ्या ऐसपैस अक्षरांत. मी कागदाकडे बघत राहिले. ए-फोरची २१० मिलिमीटर रुंदी म्हणजे ब्राउझरच्या हिशेबात सुमारे ७९४ पिक्सेल. दोन्हीकडचा समास गेला की सव्वासातशेच्या आत. आणि माझं टेबल ७६० ला सुरू होतं. ब्राउझरनं कागदाला मोबाइल समजून चिठ्ठ्या छापल्या होत्या. पाच जणांचे फोन तपासले, टॅब तपासला, अण्णांची टिक काढली आणि बावीस वर्षं ज्या साइजवर पोट भरतेय ती एकच तपासायची राहिली.

ताईंच्या टेबलावरूनच दुरुस्ती केली. क्वेरीत ७६० च्या आधी 'प्रिंट' हा शब्द आणि एक स्वल्पविराम. शब्दानंतर जागा सोडलीय ना, ते दोनदा बघितलं. पुन्हा छापलं. दोन पानं, सात रकाने. ताईंनी चार टाचण्या दिल्या आणि मी ती यादी फळ्यावर लावली. वाया गेलेले अकरा कागद पाठकोरे म्हणून ताईंनी ड्रॉवरमध्ये ठेवले.